चंबळेच्या वाळवंटातील लाल मुकुटाचे कासव
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेतील एक संध्याकाळ कार्यवाहांनी आमच्या वाट्याला दिली, तेव्हा विषयाचे फारसे बंधन घातले नाही. "नाट्यसंगीत आणि संतवाङ्मय सोडून काहीही चालेल," एवढेच ते म्हणाले. कारण ती दोन पुष्पे आधीच गुंफली गेली होती. आम्ही कासवाचे नाव काढले. केंद्र सरकारच्या सेवेत उभी हयात घालवलेल्या माणसाने कासवावर बोलावे हे औचित्याला धरूनच आहे, असा अभिप्राय आमच्या एका स्नेह्यांनी तत्काळ दिला. फायलींच्या गतीविषयीचा हा विनोद आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे, की आता त्यावर हसण्याची कार्यालयीन टिप्पणी तयारच ठेवलेली असते. परंतु व्याख्यान संपेपर्यंत ही उपमा कासवाच्या बाबतीत अन्यायाची आहे असे आपणांस वाटू लागेल, अशी आम्हांस आशा आहे.

आम्ही प्राणिशास्त्रज्ञ नव्हे. इतिहास घेऊन बी.ए. झालो आणि सरकारी नोकरीत शिरलो. नोकरीच्या निमित्ताने आग्र्यास येऊन स्थिरावल्यावर सुट्टीच्या दिवशी चंबळेकाठी जाण्याचा छंद जडला. पुढे त्या नदीबद्दल आणि तिच्यातील जिवांबद्दल जे मिळेल ते वाचीत गेलो. आज सांगणार आहोत ते या वाचनातील आणि काठावर बसून पाहिलेल्यातील आहे.

आपणांपैकी बहुतेक कुटुंबे मे महिन्यात देशी जातात. आग्रा छावणीवरून पंजाब मेल सुटते, धौलपूर मागे पडते, आणि मग गाडीचा आवाज एकाएकी बदलतो. गाडी पुलावर आलेली असते. मुले खिडकीला नाक लावतात, वडीलधारी मंडळी पूर्वीच्या दरोडेखोरांच्या गोष्टी काढतात, कोणी पाण्यात नाणे टाकते, आणि एकदोन मिनिटांत पूल संपून मुरैन्याच्या बाजूच्या मातीच्या घळी सुरू होतात. या घळींना इकडे बेहड म्हणतात. त्या एकदोन मिनिटांत आपल्या पायांखालून जी नदी जाते, तिच्यात जगातील एका अतिदुर्मीळ कासवाची शेवटची मोठी वस्ती आहे. इंग्रजी पुस्तकांतील त्याच्या नावाचा अर्थ 'लाल मुकुटाचे, छपरी पाठीचे कासव' असा आहे. हिंदीत त्याला 'लाल तिलकधारी' असेही म्हणतात. चंबळेकाठचे नावाडी मात्र केवळ 'साल' म्हणतात. आम्हीही आज तेच नाव वापरू.

आधी नदीविषयी थोडे. मराठी माणसाला चंबळ परकी नाही. १७३८ साली भोपाळजवळ दुराई सराईला निजामाने बाजीरावांशी तह केला, तेव्हा नर्मदा आणि चंबळ यांच्या मधल्या मुलखावरील मराठ्यांचा अधिकार मान्य झाला. त्या काळच्या पत्रव्यवहारात चंबळ ही एक हद्द म्हणून पुन्हा पुन्हा भेटते. तिचा उगमही आपल्या ओळखीच्या मुलखात आहे. इंदूरजवळ महूच्या बाजूला विंध्याच्या रांगेत जानापावाचा डोंगर आहे, तेथे ती निघते. आपली मावशी इंदूरची असेल, मेव्हणे देवासचे असतील, कोणी उज्जैनला क्षिप्रेकाठी राहत असेल, तर त्यांच्या अंगणातले पावसाचे पाणी शेवटी चंबळेलाच मिळते. कारण क्षिप्राही तिचीच उपनदी. साडेनऊशे किलोमीटरांहून अधिक वाट चालून ती इटावा जिल्ह्यात यमुनेला मिळते. आग्र्याहून पुढे गेलेल्या यमुनेचे पाणी कसे असते, ते आपण येथे रोजच पाहतो. त्याचे वर्णन सभ्य सभेत नको. त्या यमुनेला पुन्हा नदीचे रूप येते ते चंबळेचे पाणी मिळाल्यावर.

चंबळ इतकी स्वच्छ राहिली कशी? महाभारतात रंतिदेवाच्या यज्ञातील पशूंच्या कातड्यांच्या राशीतून चर्मण्वती उगम पावल्याची कथा आहे. या कथेमुळे नदी अशुभ ठरली, तिच्या काठी क्षेत्रे वसली नाहीत, घाट बांधले गेले नाहीत, असे इकडचे लोक सांगतात. त्यात बेहडांची भर पडली, बेहडांत बागी लपले, आणि कारखानदार दूर राहिले. हे कारण पुरते खरे की अर्धे, याचा निवाडा आम्ही करीत नाही. मात्र शापित म्हणून वाचलेली नदी पाहिली, म्हणजे पवित्र म्हणून बुडवलेल्या नद्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

आता कासवाकडे येऊ. साल हे मोठे कासव आहे. मादीची पाठ ५६ सेंटिमीटरपर्यंत लांब भरते आणि वजन २५ किलोपर्यंत जाते; घरातला लहान चौरंग डोळ्यांपुढे आणावा. नर तिच्या लांबीच्या जेमतेम निम्मा. पिलांच्या पाठीवर मधोमध कौलारू घराच्या आढ्यासारखी धार असते, दोन्ही बाजू उतरत्या. 'छपरी पाठीचे' हे नाव त्यावरून पडले. वय वाढते तशी ही धार झिजून पाठ गुळगुळीत होते. मादी दिसायला साधी, तपकिरी-काळसर, नदीतल्या धोंड्यासारखी. सारा थाट नराचा. एरवी तोही फिकाच असतो, परंतु विणीच्या काळात त्याच्या डोक्यावर कुंकवासारखा तांबडा मळवट उठतो, गालांवर निळसर झाक येते, गळ्याखाली दोन पिवळे ठिपके उमटतात आणि मानेवर लाल पट्टे आखल्यासारखे दिसू लागतात. दुर्बिणीतून हे रूप आम्ही प्रथम पाहिले तेव्हा नारायण पेशव्यांच्या चित्रातील पागोट्याची आठवण झाली. आमच्या सौभाग्यवतींना मात्र तो पंगतीत गंध लावून बसलेल्या वऱ्हाड्यासारखा दिसला, आणि विचार करता ती उपमा अधिक चपखल आहे हे कबूल केले पाहिजे. हंगाम संपला की रंग उतरतो.

याच्या शास्त्रीय नावाची कथा आमच्यासारख्या इतिहासाच्या माणसाला मोह घालणारी आहे. कंपनी सरकारच्या बंगाल तोफखान्यात टॉमस हार्डविक नावाचे अधिकारी होते. या गृहस्थांनी हिंदुस्थानात चाकरी करताना येथील चित्रकारांना पदरी ठेवून पशुपक्ष्यांची, माशांची, कासवांची शेकडो चित्रे काढून घेतली. त्या संग्रहाच्या आधारे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३१ साली या कासवाला शास्त्रात नाव दिले ते 'कचुगा', म्हणजे आपला 'कछुआ'च. शे-दीडशे वर्षे हे नाव एका संपूर्ण कुळाला लागले होते. पुढे २००७ च्या सुमारास आनुवंशिक तपासणीवरून या कुळाची फेरमांडणी झाली, मोठी कासवे 'बटागुर' या कुळात गेली, आणि आजचे नाव 'बटागुर कचुगा' असे आहे. ज्या देशी चित्रकारांनी ती चित्रे इतक्या निगुतीने रंगवली, त्यांतील बहुतेकांची नावे मात्र ग्रंथात आली नाहीत.

चंबळेत कासवांच्या आठ तरी जाती आहेत. काही मऊ पाठीच्या, मांस खाणाऱ्या. काही कठीण पाठीच्या. सालीची सख्खी चुलत बहीण 'ढोर' याच वाळूवर शेजारी ऊन खात पडलेली असते. तिच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंस पिवळी रेघ असते, तीवरून ती ओळखावी. साल शाकाहारी. तिच्या जबड्याला दात नसतात, परंतु कडा करवतीसारख्या असतात, आणि त्यांनी ती पाण्यातील वनस्पती कापून खाते. पोहण्यात ही कासवे अत्यंत तरबेज. पायांच्या बोटांमध्ये बदकासारखा पडदा असतो. वाहत्या धारेच्या विरुद्ध ती सहज चढतात. सालीला डबके किंवा तळे मानवत नाही. तिला वाहते खोल पाणी लागते, आणि त्या पाण्याला लागून कोरड्या वाळूचा उंच ढीग लागतो. ही दोन्ही एकाच ठिकाणी आणि ऐन उन्हाळ्यात मिळाली पाहिजेत. आपण पुढे जे जे बोलणार आहोत, ते सारे या एका गरजेभोवती फिरते.

वाळूच्या ढिगाला हिंदीत 'टापू' किंवा 'रेती' म्हणतात. आम्ही त्यास वाळवंट म्हणू, कारण पंढरपूरच्या चंद्रभागेमुळे नदीच्या वाळूला वाळवंट म्हणणे आपल्या कानांना गोड लागते. थंडीत सकाळी नऊ-दहाच्या सुमारास चंबळेच्या वाळवंटावर विलक्षण देखावा असतो. घडियाल, म्हणजे आपली सुसर, जबडा उघडा टाकून पडलेली. पाणचिरे पक्षी वाऱ्याकडे तोंड करून रांगेत बसलेले. आणि पाण्याच्या कडेला कासवे, एकमेकांच्या पाठीवर मान टाकून, मागचे पाय ताणून. ऊन खाणे ही कासवाची चैन नव्हे. त्याचे रक्त आपल्यासारखे स्वतः गरम राहत नाही. ऊब मिळाल्यावाचून खाल्लेले पचत नाही, अंगावरचे शेवाळ व जळवा सुकून पडत नाहीत. होडी शंभर पावलांवर आली की एक मान वर होते, आणि पाहता पाहता सारी पंगत पाण्यात उतरते. या वेळी त्यांची चपळाई पाहावी. फायलींच्या विनोदाला तेथे जागा उरत नाही.

फेब्रुवारीअखेरीपासून एप्रिलपर्यंत माद्या अंडी घालतात. रात्रीच्या अंधारात मादी पाण्यातून निघते आणि वाळू चढू लागते. पाण्यापासून पुष्कळ दूर आणि पुष्कळ उंच जागा ती निवडते. ओल खालून लागता कामा नये आणि नदी थोडी वाढली तरी खड्डा बुडता कामा नये, हा हिशेब तिच्या अंगी उपजत असतो. मग मागच्या पायांनी, एकदा डाव्या आणि एकदा उजव्या, ती खड्डा खणते. मागे वळून ती पाहत नाही. पाहताही येत नाही. वीस-पंचवीस लांबट, कठीण कवचाची पांढरी अंडी घालून ती वाळू लोटते आणि अंगाच्या भाराने दाबते. तिची एक नातलग जात मलायाच्या नद्यांत आहे. ती वाळू दाबताना अंग उचलून आपटते, आणि त्या आवाजावरून तिकडच्या लोकांनी तिचे नाव 'तुंतोंग' ठेवले आहे, असे म्हणतात. उजाडण्यापूर्वी मादी परत पाण्यात गेलेली असते.

यापुढे आईचा संबंध संपतो. येथे संतवाङ्मयाचा विषय टाळणे आम्हांस कठीण आहे. कार्यवाहांनी क्षमा करावी. कासवी एका तीरावर, पिले दुसऱ्या तीरावर, आणि केवळ दृष्टीने ती त्यांचे पोषण करते, ही कल्पना आपल्या संतांनी किती प्रेमाने वापरली आहे! गुरूच्या कृपादृष्टीला दुसरी उपमा त्यांना पुरेशी वाटली नाही. सालीची मादी मात्र पिलांना कधी पाहत नाही. ती अंडी घालून गेलेली असते आणि पिले दोन-अडीच महिन्यांनी बाहेर येतात. तरीही संतांच्या कल्पनेवर इतक्यात फुली मारू नये. ब्राझीलमधील ॲमेझॉनच्या खोऱ्यात एक मोठे नदीकासव आहे. त्याच्या माद्या आणि नुकती फुटलेली पिले पाण्याखाली एकमेकांना आवाज देतात आणि बरोबरीने नदी उतरून जातात, असे संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केले. मादी वाट पाहत असते, एवढे त्यातून दिसते. दृष्टीने नव्हे तर सादेने, एवढाच फरक. आपल्या सालीबाबत तसे म्हणण्याजोगे आमच्या वाचनात आलेले नाही, म्हणून आम्ही पुढे जाऊ.

अंडी वाळूत उबतात ती उन्हाने. चंबळेकाठचा मे महिना आपण जाणतो. वाळवंटावर अनवाणी पाय ठेवण्याची सोय नसते. त्या भट्टीखाली हातभर खोल पिले वाढतात आणि मेअखेरीस किंवा जूनमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, वर येतात. येथे काळाचे गणित अगदी काट्यावरचे आहे. थोडे लवकर, तर पिले कच्ची. थोडे उशिरा, तर पूर येऊन सारे वाळवंट पाण्याखाली. मृगाच्या सरीपूर्वी पेरणीची घाई करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही. पिले बाहेर येतात ती तळहातावर दोनतीन मावतील एवढी, आणि तडक पाण्याकडे धावतात. त्या धावेत कावळे, घारी, बगळे टपलेले असतात. त्याआधी अंड्यांच्या अवस्थेत कोल्हे, कुत्री, घोरपडी यांनी आपला वाटा उचललेला असतो. कोल्ह्याचे नाक तर असे, की पहिल्याच रात्री तो खड्डा हुडकून काढतो.

परंतु कोल्हा हा नदीइतकाच जुना. त्याने लाखो वर्षे अंडी खाल्ली आणि तरी साल टिकली, कारण मादी दीर्घायुषी. अंडी घालण्याजोगी होण्यास तिला एक तपाच्या घरात वर्षे लागतात, आणि नंतर अनेक वर्षे ती दर उन्हाळ्यात वाळू चढत राहते. तिच्या आयुष्यभराच्या शेकडो अंड्यांतून दोन पिले मोठी झाली तरी हिशेब जुळतो. म्हणून या जातीत अंडे स्वस्त आणि मोठी मादी महाग. हिशेबतपासनिसाच्या भाषेत सांगायचे तर अंडी हे व्याज, मादी हे मुद्दल. विसाव्या शतकात माणसाने हात घातला तो मुद्दलाला.

त्याची कहाणी फार लांबवीत नाही. गंगा, यमुना, घाघरा यांच्या खोऱ्यांत, नेपाळच्या तराईत आणि पूर्वेकडे बंगालपर्यंत ही जात पूर्वी आढळे. मांसासाठी कासवे पकडून पूर्वेकडच्या बाजारांत रवाना करण्याचा धंदा इटावा-मैनपुरीच्या बाजूने अनेक वर्षे चालला. मोठ्या माद्यांना भाव अधिक, म्हणून त्या आधी गेल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा व्यापार गुन्हा ठरला. तो मंदावला, परंतु साफ बंद झाला असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. त्याखेरीज मासेमारीची जाळी आहेत. कोळ्याला कासव नको असते, तरीही ते जाळ्यात सापडते. लोकांना वाटते, की पाण्यातल्या प्राण्याला जाळ्यात काय होणार? पण कासव फुप्फुसाने श्वास घेते. त्याच्या बरगड्या पाठीच्या कवचाशी जोडलेल्या, म्हणून आपल्यासारखी छाती फुगवण्याचीही सोय नाही. पोटातील स्नायूंच्या जोरावर ते हवा आत ओढते, आणि त्यासाठी त्याला वर यावेच लागते. रात्रभर पाण्याखाली अडकलेले कासव सकाळी बुडून मेलेले निघते. पंचवीस-तीस वर्षांचे आयुष्य एका रात्रीत जाते, आणि कोळी ते वैतागून काठावर टाकून देतो.

दुसरी बाब पाण्याची. चंबळेवर गांधीसागर आणि कोटा बराज १९६० साली उभे राहिले, राणाप्रताप सागर १९७० मध्ये आणि जवाहर सागर १९७२ मध्ये. आमच्या पिढीच्या शाळेच्या पुस्तकांत धरणांचे धडे असत आणि ते आम्ही अभिमानाने पाठ केले. तो अभिमान खोटा नव्हता. मध्य प्रदेश आणि राजस्थानच्या लाखो बिघा जमिनीला त्या पाण्याने रूप आले. मात्र कोट्याच्या खाली उन्हाळ्यात नदीची धार रोडावते, आणि पुढे पार्वतीसारख्या उपनद्यांनी हात दिल्यावर ती पुन्हा सावरते. धार रोडावली म्हणजे वाळवंटाचा बेट राहत नाही, ते काठाला जोडले जाते. मग कोल्ह्याला आणि कुत्र्याला पोहावे लागत नाही. उलट, अवेळी पाणी सोडले तर वाळूतील अंडी नासतात. नदीला किती पाणी द्यावे याचा विचार करताना आजवर शेत, शहर आणि कारखाना एवढ्यांचाच अर्ज टेबलावर येत आला आहे.

तिसरी बाब वाळूची, आणि ती आपल्या घराच्या भिंतींपर्यंत येते. आग्रा, ग्वाल्हेर, धौलपूर, मुरैना ही शहरे वाढत आहेत. घर बांधायला वाळू लागते, आणि चंबळेची वाळू उत्तम. अभयारण्याच्या हद्दीत वाळूउपशाला बंदी आहे. तरीही रात्रीचे ट्रॅक्टर निघतात, आणि ते ज्या वाळवंटात उतरतात तेच सालीचे बाळंतघर. त्या वाटेला जाणाऱ्या सरकारी नोकरांचे काय होते, हे मार्च २०१२ मध्ये मुरैना जिल्ह्यात दिसले. बेकायदा दगड वाहून नेणारा ट्रॅक्टर अडवायला गेलेला एक तरुण पोलीस अधिकारी त्याच ट्रॅक्टरखाली चिरडला गेला. आम्हीही सरकारी नोकर. आमचे काम खुर्चीतले. ती बातमी वाचल्यावर त्या आठवड्यात कार्यालयात कोणी फायलींचा विनोद केला नाही. उन्हाळ्यात त्याच वाळूवर काठचे गरीब लोक कलिंगडे, खरबुजे, काकड्या लावतात. त्यांच्या आळ्यांच्या खणतीतही घरटी जातात. परंतु ट्रॅक्टरवाला आणि काकडीवाला यांना एका तराजूत घालणे आम्हांस मान्य नाही. काकडीवाल्याशी बोलता येते, आणि पुष्कळदा तोच घरट्याची जागा दाखवतो.

या साऱ्याचा परिणाम असा, की निसर्गात उरलेली प्रौढ साल कासवे अलीकडच्या अंदाजाप्रमाणे पाचशेच्या आतबाहेर आहेत, आणि त्यांतील बहुतेक एकट्या चंबळेत. आज या सभागृहात जेवढी माणसे बसली आहेत, त्याहून ही संख्या फार मोठी नाही.

आता वाचवण्याच्या खटपटीविषयी. राष्ट्रीय चंबळ अभयारण्य १९७८-७९ मध्ये तीन राज्यांनी मिळून घोषित केले, ते मुख्यतः घडियालासाठी. सालीला त्याची सावली मिळाली. या शतकाच्या पहिल्या दशकापासून मात्र खास कासवांसाठी काम सुरू झाले. वन विभागाच्या परवानगीने कासव-संरक्षण करणाऱ्या संस्थेचे कार्यकर्ते आणि काठच्या गावांतील माणसे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे वाळवंटे पालथी घालतात. मादीच्या पावलांची रेघ वाऱ्याने पुसण्यापूर्वी घरटे शोधायचे, आणि धोक्याच्या जागेतील अंडी काढून कुंपण घातलेल्या वाळूत पुन्हा पुरायची. हे काम दिसते तितके सोपे नाही. कोंबडीचे अंडे उबवताना फिरवावे लागते. कासवाचे अंडे फिरवले की आतला जीव मरतो, कारण तो कवचाच्या वरच्या बाजूला चिकटलेला असतो. म्हणून काढण्यापूर्वी प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर पेन्सिलीने खूण करतात, आणि ती खूण वर ठेवूनच ते नव्या खड्ड्यात बसवतात. ज्यांचे हात कालपर्यंत जाळी टाकीत किंवा अंडी उकरीत होते, अशांपैकी काही जण आज हे पेन्सिलीचे काम करतात. एका घाटावर असा एक प्रौढ गृहस्थ आम्हांस भेटला. "साहब, पहले हम इनको खाते थे, अब ये हमको खिलाते हैं," असे तो म्हणाला, आणि रोजंदारीचा आकडाही त्याने न विचारता सांगितला.

फुटलेल्या पिलांपैकी बहुतेक लगेच नदीत सोडतात. काही मात्र इटावा जिल्ह्यातील गढायता येथील केंद्रात आणि मुरैन्याजवळच्या देवरी येथे काही वर्षे वाढवून, कोल्ह्या-कावळ्याच्या तोंडात न मावण्याइतकी झाली की सोडतात. हे व्याज वाचवणे झाले. मुद्दल वाचवायचे तर जाळी, वाळू आणि पाणी यांकडेच जावे लागते, आणि तेथे पेन्सिल पुरी पडत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या सदस्य राष्ट्रांची परिषद भरली होती. तेथे भारताच्या प्रस्तावावरून सालीला पहिल्या परिशिष्टात, म्हणजे व्यापाराला पूर्ण बंदी असलेल्या यादीत, स्थान मिळाले. त्याच परिषदेत भारताचा आणखी एका कासवाविषयीचा प्रस्ताव संमत झाला, आणि ते कासव आपल्या दख्खनच्या नद्यांतील आहे. लीथचे मऊ पाठीचे कासव असे त्याचे नाव. मुंबईत वैद्यकीय सेवेत असलेल्या डॉक्टर लीथ यांच्यावरून ते पडले, आणि १८७२ मध्ये त्याचे वर्णन केले ते याच ग्रे साहेबांनी, पुण्याच्या नमुन्यावरून. एक चंबळेचे आणि एक मुळा-मुठेच्या बाजूचे, अशी दोन कासवे एकाच परिषदेत एका यादीत गेली. घरापासून दूर राहणाऱ्या आपणांसारख्यांना या योगायोगाचे थोडे कौतुक वाटले, तर ते क्षम्य मानावे.

अगदी अलीकडची वार्ता एप्रिल २०२५ ची. गढायता केंद्रात वाढलेली वीस साल कासवे उत्तर प्रदेशात हैदरपूरच्या पाणथळीजवळ गंगेत सोडण्यात आली. ध्वनिलहरी सोडणारी छोटी यंत्रे त्यांच्यावर बसवलेली आहेत, त्यावरून ती कोठे जातात हे कळते. ज्या गंगेतून ही जात जवळजवळ नाहीशी झाली होती, तेथे तिला पुन्हा वसवता येईल का, याची ही परीक्षा. त्यांतील माद्यांनी वाळू चढून पहिली अंडी घालीपर्यंत कित्येक वर्षे जातील. आमची निवृत्ती त्याआधीच झालेली असेल.

उदयगिरीच्या पाचव्या शतकातील लेण्यांत गंगा मकरावर आणि यमुना कासवावर उभी कोरली आहे. महाराष्ट्रात आपण देवळात शिरतो, तेव्हा सभामंडपाच्या फरशीत दगडी कासव असते आणि आधी त्याला हात लावून मग आत जातो. आपल्या मुलांनी कासव पाहिले ते बहुधा एवढेच. म्हणून मंडळाच्या सहल समितीस एक सूचना करावीशी वाटते. डिसेंबर ते मार्च या दिवसांत बाह तहसिलीतील नंदगवाँच्या बाजूला किंवा धौलपूर-मुरैन्याच्या बाजूला होडीने वाळवंटाजवळ जाता येते. सकाळी लवकर निघावे, दुर्बीण घ्यावी, भडक कपडे आणि ट्रान्झिस्टरची आजची भावंडे घरी ठेवावीत, आणि वाळवंटावर उतरण्याचा आग्रह नावाड्यास करू नये. मार्चमध्ये जाणार असाल, तर पायांखाली काय असेल ते आता आपणांस ठाऊक आहे. खाऊचे कागद परत आणावेत. आणि नराच्या डोक्यावरचा तांबडा मळवट पाहावयाचा असेल, तर नावाड्यास आधीच सांगावे, की आम्हांला साल पाहायची आहे. नाहीतर तो प्रत्येक पाहुण्याप्रमाणे आपणांसही घडियालच दाखवीत बसेल.